रविवारचा पाहुणा आणि गावची जमीन

शेतकऱ्याच्या वर्षात खरीप आणि रब्बी हे दोन हंगाम पूर्वापार चालत आले आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरील आणि पायथ्याच्या अनेक गावांना मात्र आता आणखी एक हंगाम लाभला आहे. तो शनिवारी दुपारी सुरू होतो आणि रविवारी दिवेलागणीला संपतो. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, लोणावळा, भंडारदरा, कासचे पठार अशा ठिकाणी मुंबई-पुण्याकडील कुटुंबे दोन दिवसांच्या विसाव्यासाठी येतात. वाटेतील खेड्यांत ती चहा घेतात, जेवतात, रात्रीचा मुक्काम करतात आणि निघताना भाजी, तांदूळ, मध अथवा फळे विकत घेतात. या येण्याजाण्याने खेड्यात पैसा येतो हे उघड आहे. तो पैसा कोणाच्या पदरी पडतो आणि त्याच्या मोबदल्यात गावाचे काय खर्ची पडते, याचा विचार मात्र फारच थोड्या ग्रामसभांत झालेला आढळतो. तो विचार आता लांबणीवर टाकता येण्यासारखा नाही.

पाहुणा कशासाठी येतो?

शहरातील मनुष्य डोंगरात येतो तो सिमेंटच्या इमारती पाहण्यासाठी खचित नव्हे. भाताची खाचरे, नाचणीची वरकस राने, गुरांच्या घंटा, झऱ्याचे पाणी आणि रात्रीचा निवांत अंधार यांची त्याला ओढ असते. म्हणजेच पाहुण्याला जे हवे असते ते शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने टिकलेले आहे. खाचराचा बांध दरवर्षी घातला नाही तर ते खाचर चार पावसाळ्यांत वाहून जाते आणि त्याबरोबर पाहुण्याने वाखाणलेला देखावाही जातो. शेती सोडून पर्यटनाच्या मागे लागणे हे बियाण्याचे धान्य दळून खाण्यासारखे आहे.

महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात ही गोष्ट स्पष्ट दिसते. इंग्रज अमदानीत वसलेली ही थंड हवेची ठिकाणे पुष्कळ काळ धनिकांच्या बंगल्यांसाठीच ओळखली जात. आज तेथील स्ट्रॉबेरीला स्वतःचे नाव आहे. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पावसाळा ओसरताच लावलेली रोपे थंडीच्या सुरुवातीस फळू लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तोडणी चालते. स्ट्रॉबेरी अतिशय नाशवंत फळ आहे. आकाराने लहान अथवा वेडेवाकडे फळ दूरच्या बाजारपेठेत कवडीमोल ठरते. तेच फळ पाहुण्याने वाफ्यात उभे राहून स्वतःच्या हाताने तोडले, तर तो आनंदाने किरकोळ भाव देतो. आणि उरलेल्या फळाचा मुरांबा अथवा सरबत घरीच करता येते. येथे पाहुणा शेतीला पूरक ठरला आहे. भिलार या स्ट्रॉबेरीच्या गावात ४ मे २०१७ पासून घरोघरी व सार्वजनिक ठिकाणी पुस्तके ठेवून ‘पुस्तकांचे गाव’ उभे राहिले. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. दोन्ही ठिकाणी गावाचा मूळ व्यवसाय कायम राहिला आणि पाहुणा त्याच्या जोडीला आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

जमीन विकण्याचा मोह

याच्या उलट चित्रही पाहावयास मिळते. रस्त्यालगतच्या वरकस जमिनीला एकाएकी मोठी किंमत येते. घरात मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज किंवा आजारपण असते. शेतीचे उत्पन्न बेभरवशाचे असते आणि मुलगा शहरात नोकरी करतो. अशा वेळी जमीन देऊन टाकावी असे एखाद्यास वाटले तर त्याला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. ज्याच्या घरी अडचण आहे त्यालाच तिचे ओझे कळते.

तरीही हिशेब नीट मांडला पाहिजे. जमीन एकदाच विकता येते. तिच्यावरील भात, फळ, गवत आणि पाहुण्याचा मुक्काम मात्र दरवर्षी विकता येतो. जमीन विकून आलेला पैसा घर, मोटारसायकल आणि समारंभ यांत दोन-तीन वर्षांत सरतो. पुढे त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या बंगल्याच्या फाटकाशी मूळ मालक राखणदार म्हणून उभा राहतो. एकेकाळी ज्याच्या नावे सातबारा होता त्याने स्वतःच्या शेतात शिरण्यासाठी परवानगी मागावी, याहून अधिक खेदजनक गोष्ट खेड्यात दुसरी नसेल.

कुळवहिवाट व शेतजमिनीसंबंधीच्या १९४८ च्या अधिनियमानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस योग्य त्या परवानगीवाचून शेतजमीन खरेदी करता येत नाही, हे सर्वसाधारण तत्त्व सर्वांस ठाऊक असावे. नियमाला वळसा घालून केलेले व्यवहार शेवटी शेतकऱ्यालाच कोर्टकचेरीच्या पायऱ्या चढावयास लावतात. ज्यांना जागा उपयोगात आणावयाची आहे त्यांनी ती स्वतःकडे ठेवून कृषी पर्यटनाचा मार्ग पत्करावा. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. भाडेपट्ट्याचा करार करावयाचा असल्यास त्याची मुदत, नूतनीकरणाची अट आणि पाण्याचा हक्क ही तीन कलमे जाणत्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय कोणीही सही अथवा अंगठा करू नये.

पाण्याचा हिशेब

महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथील मानला जातो. असे असूनही डोंगरावरील कित्येक वाड्यांना वैशाखात हंडे घेऊन लांबवर जावे लागते. काळ्या कातळाच्या उतारावर पडलेले पाणी थोड्या वेळात खाली वाहून जाते. जमिनीत मुरते ते फार थोडे. नेमक्या याच एप्रिल-मे महिन्यांत पाहुण्यांची गर्दी सर्वांत अधिक असते.

ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे, तर शहरी पुरवठ्यासाठी १३५ लिटरचे मान प्रचलित आहे. पाहुणा आपली शहरी सवय बरोबर घेऊन येतो. एका निवासस्थानात वीस पाहुणे उतरले तर दिवसाला २,७०० लिटर पाणी लागते. म्हणजे एकोणपन्नास ग्रामस्थांचा वाटा. पोहण्याचा तलाव व शोभेची हिरवळ असेल तर हा आकडा आणखी वाढतो. म्हणून नवीन निवासस्थानास ग्रामपंचायतीने ना-हरकत देण्यापूर्वी पाणी कोठून येणार आणि सांडपाणी कोठे जाणार हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. छपरावरील पावसाचे पाणी साठवणे आणि सांडपाणी शोषखड्ड्यातून परसबागेस देणे ही कामे अवघड नाहीत. झऱ्याच्या माथ्यावरील झाडी राखणे हे तर सर्वांत स्वस्त पाणीसाठवण होय.

निर्बंधाने पाहुणा दुरावत नाही

नियम केले तर लोक येणार नाहीत अशी भीती काही गावांत व्यक्त होते. अनुभव वेगळा आहे. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींना मज्जाव आहे आणि २००३ पासून तो प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. तरीही तेथील वर्दळ थांबलेली नाही. किंबहुना तेथील शांतता हीच त्या ठिकाणाची मिळकत झाली आहे.

साताऱ्याजवळील कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तेथील कातळावर मातीचा थर अत्यंत पातळ आहे आणि त्यात नत्राचे प्रमाण कमी आहे. म्हणूनच दवबिंदू व सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती कीटकांपासून आपले पोषण मिळवतात. पावसाच्या तीन-चार महिन्यांत रुजणे, फुलणे आणि बी धरणे हा सारा संसार या रोपांना उरकावा लागतो. बी पक्व होण्यापूर्वी पाऊल पडले तर पुढील वर्षाचे फूल त्याच क्षणी नष्ट होते. पेरणी झालेल्या वाफ्यातून कोणी चालू लागला तर शेतकरी त्यास अडवतो. पठाराच्या बाबतीत हाच न्याय लागू केला पाहिजे. परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी वन विभागाच्या साहाय्याने प्रवेशशुल्क व पाहुण्यांची संख्या यांवर बंधने घातली आणि स्थानिक तरुणांना राखणीचे काम मिळाले. ही व्यवस्था परिपूर्ण आहे असे नव्हे. तथापि दिशा योग्य आहे.

अकोले तालुक्यातील भंडारदरा व पुरुषवाडी भागात मे महिन्याच्या अखेरीपासून जूनमध्ये पाऊस जोर धरीपर्यंत झाडे काजव्यांनी लखलखतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीचा परस्परांस दिलेला संकेत होय. मोटारीचे दिवे व विजेऱ्या यांच्या झोतात हा संकेत हरवतो. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात, आणि गोगलगाय पिकाचे केवढे नुकसान करते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. काजव्यांच्या झाडाखाली दिवे बंद ठेवावयास लावणारा गावकरी स्वतःच्या शेताचीही राखण करीत असतो.

डोंगरउतार खोदून बेसुमार बांधकामे करण्याबाबत तर विशेष सावधगिरी हवी. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर खचून सुमारे दीडशे माणसे दगावली. सह्याद्रीचा उतार अतिवृष्टीत किती भयंकर रूप धारण करतो, हे ती दुर्घटना सांगून गेली. धबधब्यांविषयीही हीच दक्षता आवश्यक आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वरच्या अंगाला पाऊस झाला की ओढा कसा फुगतो हे गावातील गुराख्यास कळते, शहरातील मनुष्यास कळत नाही. म्हणून धोक्याची जागा दाखवणे हे यजमानाचे कर्तव्य ठरते.

घरातील श्रमांचा वाटा

पाहुण्यांच्या हंगामाचा खरा भार चुलीपाशी पडतो. शनिवारी पहाटे उठून पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी, भांडी घासणारी आणि सोमवारी पुन्हा खुरपणीस जाणारी स्त्री हिशेबाच्या वहीत कोठेच आढळत नाही. पाहुण्याकडून आलेले पैसे घरच्या पुरुषाच्या खिशात जातात. जेथे स्वयंपाक, पापड-लोणची व नाचणीचे पदार्थ यांचे काम महिला बचत गटाकडे असेल तेथे मोबदला गटाच्या बँकखात्यातच जमा झाला पाहिजे. तसेच शाळेच्या वयाच्या मुलांना वाटाड्या म्हणून दिवसभर हिंडवून चार पैसे मिळवण्याची सवय लागू देणे हितावह नाही.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याचे काम

या सर्व बाबतीत गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. नवीन बियाणे अथवा खत यांची माहिती तो जशी देतो, तसाच या जोडधंद्याचा हिशेब मांडावयासही त्याने शेतकऱ्यास शिकवले पाहिजे. एक साधी वही पुरेशी आहे. डाव्या बाजूस मुक्काम, जेवण व शेतमालविक्री यांची आवक लिहावी. उजव्या बाजूस किराणा, वीज, पाणी, दुरुस्ती आणि घरच्या माणसांची मजुरी धरावी. पाहुण्यांमुळे शेताची जी कामे खोळंबली त्यांचीही नोंद करावी. वर्षअखेरीस जो आकडा उरेल तोच खरा नफा. लावणीच्या ऐन दिवसांत पाहुणे घेतल्याने भाताचा हंगाम हुकला असेल, तर तो धंदा तोट्याचाच म्हटला पाहिजे.

पावसाळ्यापूर्वी एक ग्रामसभा खास या विषयासाठी बोलवावी. मोटारी कोठे उभ्या करावयाच्या, प्लास्टिकचा कचरा परत कोणी न्यावयाचा, मद्यपान व कर्णे यांना कोठे बंदी, कोणत्या पाणवठ्यावर पाहुण्यांनी जाऊ नये आणि वाळल्या गवताजवळ विस्तव पेटवू नये, हे नियम ठरवून मोठ्या अक्षरांत वेशीवर लावावेत. स्वच्छता शुल्क आकारावयाचे असल्यास कायद्यातील तरतूद पाहून ठराव करावा, पावती द्यावी आणि जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा. गावाने एकमुखाने सांगितलेला नियम पाहुणा सहसा मोडीत नाही. एका यजमानाने घातलेली अट मात्र शेजारचा यजमान सैल करतो आणि मग दोघेही नाडले जातात.

अतिथीचा सत्कार ही या भूमीची जुनी रीत आहे. पण अतिथी आला म्हणून कोणी घराचे वासे काढून चूल पेटवीत नाही. डोंगर, पाणी, माती आणि झाडी हे या गावांचे वासे आहेत. ते शाबूत राहिले तर रविवारचा पाहुणा पुढच्या पिढीच्याही दाराशी येईल आणि त्याचे स्वागत करणारा मनुष्य त्या घराचा मालकच असेल.