दुर्बिणीच्या तपासणीनंतर पोट दुखले तर

शौचावाटे रक्त पडू लागले, शौचाची नेहमीची सवय बदलली, वजन उतरू लागले, की डॉक्टर मोठे आतडे दुर्बिणीने तपासून घ्यायला सांगतात. गुदद्वारातून लवचिक नळी घालून आतडे आतून पाहतात. मांसाचा कोंब दिसला तर बहुधा तिथेच काढतात आणि त्यामुळे पुढचा कर्करोग टळू शकतो. म्हणून भीतीपोटी ही तपासणी टाळू नये. मात्र घरी परतल्यावर काय पाहायचे, हे घरातल्यांना ठाऊक हवे.

तपासताना आतडे हवेने फुगवतात. त्यामुळे पोट गुरगुरते, थोडे दुखते. वारा सरला की आराम पडतो. पण दुखणे वाढतच गेले, पोट फळीसारखे कडक झाले, ताप किंवा ओकारी आली, तर त्याला गॅस समजू नये. हजारात एखाद्याच्या आतड्याला भोक पडते. लवकर कळले तर लहान भोक दुर्बिणीतूनच चाप लावून मिटवता येते. सोबत सलाईन व प्रतिजैविके देतात. उशीर होऊन घाण पोटात पसरली, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

कोंब काढलेल्या जागेतून दोन आठवड्यांपर्यंत रक्त जाऊ शकते. चार थेंब पडून थांबले तर डॉक्टरांना कळवावे. गाठी पडू लागल्या, चक्कर आली, तर लगेच निघावे.

आणखी एक, फारच दुर्मिळ. डाव्या बरगडीखालची प्लीहा आतड्याला बांधलेली असते. ताण बसून ती फाटली तर पोटात रक्त साचते आणि डाव्या खांद्यात कळ येते. ही कळ एक-दोन दिवसांनीही येऊ शकते. अशा वेळी खांद्याला तेल चोळत बसू नये. सी.टी. स्कॅनमध्ये दोष कळतो. रक्तस्राव थोडा असेल तर नुसत्या देखरेखीवर भागते. जास्त असेल तर रक्त चढवतात, फाटलेली रक्तवाहिनी बंद करतात किंवा प्लीहा काढतात.

अशा दुखण्यावर एरंडेल, शेक, वेदनाशामक गोळी यांत रात्र घालवू नये. तोंडाने काही देऊ नये. तपासणीचे कागद घेऊन, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तपासणीआधीच डॉक्टरांना सांगावी. आपल्या मनाने बंद करू नये.