व्याज ही लवादाची मेहेरबानी नव्हे
वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 रोजी धावू लागली, पण तिच्या वाढीव खर्चाचा वाद पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. ऑगस्ट 2023 मध्ये तीन सदस्यांच्या लवादाने बहुमताने मेट्रो चालवणाऱ्या मुंबई मेट्रो वन कंपनीच्या बाजूने सुमारे 992 कोटींचा निवाडा दिला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) त्याला आव्हान दिले. जून 2025 मध्ये उच्च न्यायालयाने रक्कम जमा करण्यास सांगितले, तोवर व्याजासह ती 1,169 कोटींवर पोहोचली होती. निवाडा बरोबर की चूक, हा न्यायालयाचा प्रश्न. मात्र असा आकडा पाहिला की जनतेच्या पैशातून व्याज कशाला, असा सूर निघतो. तो मला मान्य नाही.

हक्काचा पैसा ज्याला वापरता आला नाही त्याला भरपाई मिळायलाच हवी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1991 मध्येच मान्य केले. लवाद कायद्याच्या कलम 31(7) मध्येही लवादाला व्याज देण्याचा अधिकार आहे, पण अर्धवट. निवाड्यानंतरचे व्याज करारातील कलमाने बुडवता येत नाही; त्याआधीचे मात्र करारात मनाई असेल तर लवादाला देता येत नाही. गर्ग बिल्डर्स विरुद्ध भेल या खटल्यात 2021 मध्ये नेमके हेच झाले. करार राजीखुशीने झाला, मग तक्रार कसली, असे विचारले जाते. पण छापील निविदेतले एक कलमही कंत्राटदाराला बदलता येत नाही. पानोपानी सही-शिक्का मारायचा, नाहीतर काम सोडायचे. मोजमाप झालेले बिल कार्यालयात पडून राहते आणि कंत्राटदाराच्या कॅश क्रेडिट खात्यावर बँक महिन्याच्या महिन्याला व्याज लावत राहते.

तिजोरीवरच्या भाराची काळजी रास्त आहे. पण व्याज बुडणार हे ठाऊक असलेला कंत्राटदार तो धोका दरातच धरतो, म्हणजे वेळेवर पैसे देणाऱ्या खात्यालाही काम महाग पडते. लवाद मनमानी दर लावतील ही भीती खोटी नाही; म्हणून दराची कारणे निवाड्यात सविस्तर हवीत. निवाड्यानंतरचा 18 टक्क्यांचा ठरीव दरही 2015 च्या दुरुस्तीने उतरवून प्रचलित दराहून 2 टक्के जास्त एवढाच ठेवला. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात तर करारात काहीही लिहिलेले असो, मुदत उलटली की बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावेच लागते. तिथे संसदेने करार बाजूला सारला, तर कलम 31(7) मधली करारी मनाईची वाटही तिने बंद करावी. आपल्या निविदांतून व्याजाला मनाई करणारे कलम काढायला राज्य सरकारला त्या दुरुस्तीसाठी थांबण्याचेही कारण नाही.