मैदानावरची शिट्टी कुणाच्या हाती?

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे निवडण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा कार्यालयातील लोखंडी कपाट उघडून आम्ही दोन दिवस बसलो होतो. विद्यालयाच्या फुटबॉल संघाची छायाचित्रे त्यात बरीच निघाली. मांडणी सर्वांची सारखीच. मागे उभी मुले, पुढे मांडी घालून बसलेली मुले, मध्ये चेंडू आणि खुर्चीवर गळ्यात शिट्टी अडकवलेले मार्गदर्शक. मुलांपैकी पुष्कळांची नावे आम्हांला आजही तोंडपाठ आहेत. कुणी पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराचा मुलगा, कुणी जामखेडच्या वीटभट्टीवरचा, कुणी शेवगावच्या शेतमजूर मातेचा. खुर्चीवरील व्यक्ती मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदललेली दिसते. कधी भूगोलाच्या शिक्षकांवर जबाबदारी टाकलेली, कधी स्पर्धेपुरते बाहेरून कुणाला बोलावलेले. याच वसतिगृहात वाढला, याच मैदानावर खेळला आणि प्रशिक्षक होऊन याच मैदानावर परतला, असा एकही विद्यार्थी त्या खुर्चीवर आम्हांला आढळला नाही.

ही उणीव केवळ आपल्या विद्यालयाची नाही. आपल्या समाजाने मैदानाकडे आजवर ज्या दृष्टीने पाहिले, तिचा हा परिणाम आहे, असे आमचे मत आहे.

आमचा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. डाव्या पायाने तो असा चेंडू मारी की गोलरक्षकाला हात उचलायला अवधी मिळत नसे. दहावीनंतर तो शहरात शिकावयास गेला. तीन वर्षे महाविद्यालयाच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन सामने खेळला. पदवी झाली आणि खेळही संपला. गेल्या वर्षी बसस्थानकावर त्याची गाठ पडली. औद्योगिक वसाहतीतील एका गोदामावर तो सुरक्षारक्षक आहे. चहा घेताना तो सहज म्हणाला, "सर, खेळायला मला सगळ्यांनी सांगितलं. खेळ संपल्यावर काय करायचं, ते कुणीच सांगितलं नाही." ज्यांनी सांगितले नाही, त्यांत आम्हीही होतो. त्याच्या प्रशस्तिपत्रावर आम्ही मोठ्या अभिमानाने स्वाक्षरी केली होती. पुढची वाट मात्र आम्हांलाच ठाऊक नव्हती. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला या ठिकाणी पळवणकर बाळू यांचे स्मरण होते. पुण्याच्या क्रिकेट मैदानांवर खेळपट्टीची निगा राखणारा आणि इंग्रज साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करणारा हा चर्मकार समाजातील तरुण पुढे देशातील अव्वल गोलंदाज ठरला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. हिंदू संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, परंतु कर्णधारपद त्याला कधीही दिले गेले नाही. त्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले, आणि तो मान बाळू यांना नव्हे तर त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. घाम गाळण्याची मुभा आहे, निर्णय घेण्याची नाही, ही वर्णव्यवस्थेची रीत मैदानावरही चालत आली. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, कोणाला पुन्हा संधी मिळणार, हे ज्याच्या हाती शिट्टी असते तो ठरवतो. म्हणून प्रशिक्षकपदाकडे आम्ही केवळ नोकरी म्हणून पाहत नाही. ती अधिकाराची जागा आहे, आणि अधिकाराच्या जागा काबीज करा, हे तर बाबासाहेबांनी आपल्याला शिकविलेच आहे.

ही जागा शिक्षकाच्या पेशातून कशी उभी राहते, याचे भारतीय फुटबॉलमधील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मराठवाड्यातील मुले ज्या उस्मानिया विद्यापीठात शिकावयास जात, त्याच विद्यापीठाच्या संघातून ते खेळले आणि पुढे शाळेत शिक्षक झाले. खेळाडू म्हणून त्यांचे नाव देशभर गाजले नव्हते. परंतु १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू होईपर्यंत हैदराबाद सिटी पोलीस संघ आणि भारतीय संघ यांना त्यांनी जे वळण लावले, त्याला तोड नाही. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतील सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील चौथा क्रमांक ही त्यांच्या शिकवणीची फळे होत. जकार्ताचे सुवर्णपदक त्यांनी कर्करोगाशी झुंजत मिळवून दिले. फळ्यासमोर उभा राहणारा माणूस मैदानावरही उत्तम शिकवू शकतो, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

अमेरिकेत तर महाविद्यालयीन फुटबॉलचा प्रशिक्षक हा स्वतंत्र, प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे. तेथील अ‍ॅन्सन डोरन्स यांचा जन्म १९५१ मध्ये आपल्या मुंबईत झाला. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संघातून ते खेळले. त्यानंतर कायद्याचा अभ्यास करीत असतानाच त्यांनी त्याच विद्यापीठात प्रशिक्षकाची जबाबदारी स्वीकारली. १९७९ पासून २०२४ पर्यंत त्यांनी तेथील मुलींच्या संघाला घडविले आणि २१ वेळा राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवून दिले. १९९१ मध्ये महिलांचा पहिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, तोही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. ज्या मैदानावर विद्यार्थी म्हणून खेळलो, त्याच मैदानावर शिकवीत आयुष्य घालवायचे, असा हा क्रम आहे. तेथे पैसा आहे, व्यवस्था आहे, हे आम्ही जाणतो. पण खेळाडूला परत बोलावून त्याच्या हाती पुढची पिढी सोपविण्याची जी पद्धत आहे, तिला काही फार मोठा पैसा लागत नाही.

याची साक्ष आपल्या नागपूरनेच दिली आहे. विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा शिक्षक होते. २००१ च्या पावसाळ्यात झोपडपट्टीतील काही मुले चिखलात फुटकी बादली लाथाडून फुटबॉल खेळत असलेली त्यांनी पाहिली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला, त्यांच्यासाठी स्पर्धा भरविली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही चळवळ उभी राहिली. महाविद्यालयाच्या चाकरीत राहून, आणि निवृत्तीनंतरही, हा माणूस कुंपणाबाहेरच्या मुलांचा प्रशिक्षक राहिला. पुढे त्यांचे पुत्र अभिजित हेही अमेरिकेतून परतून या कामात आले. २०१६ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे ‘फिफा’ने, या संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला. आम्हांला या पुरस्काराहूनही एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. तेथे खेळावयास आलेल्या मुलामुलींतूनच पुढचे प्रशिक्षक तयार झाले. बेघरांच्या विश्वचषकात देशाकडून खेळून आलेला तरुण आपल्याच वस्तीतील लहानग्यांना शिकवू लागला. चेंडू देणारे पुष्कळ भेटतात, शिट्टी देणारा विरळा.

बारसे सरांच्या या कार्यावर नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ हा चित्रपट काढला. मंजुळे हे शेजारच्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे. संज्ञापनाचे शिक्षण त्यांनी आपल्या नगरच्याच न्यू आर्ट्स महाविद्यालयात घेतले. त्या चित्रपटात महाविद्यालयाचे हिरवे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत दाखविली आहे. ती भिंत आम्हांला नवी नाही. तिच्या अलीकडे उभे राहून आपल्या पिढ्यांनी दुसऱ्यांचे खेळ पाहिले आहेत. परंतु एक गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. ती भिंत ओलांडण्यास मदत करणारा शिक्षक भिंतीच्या पलीकडे, महाविद्यालयाच्या नोकरीत होता. तो तेथे होता म्हणून दार उघडले. आपली माणसे त्या जागेवर असतील तर किती दारे उघडतील, याचा विचार पालकांनी करावा.

आता काही समाजबांधव म्हणतील, आणि आमच्या तोंडावर म्हणालेही आहेत, की बाबासाहेबांनी आपल्याला पुस्तके हाती घेण्यास सांगितले, चेंडू नव्हे. या आक्षेपामागची कळकळ आम्ही मानतो. ज्या घरात पहिली पिढी शिकते आहे, तेथे खेळ ही चैन वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या बांधवांना आम्ही बहिष्कृत हितकारिणी सभेचे स्मरण करून देऊ इच्छितो. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी स्थापिलेल्या या सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालविले आणि तरुणांना व्यसनांपासून दूर ठेवण्यासाठी ‘महार हॉकी क्लब’ही चालविला. वसतिगृह, वाचनालय आणि मैदान ही तिन्ही त्या कार्यात एकत्र होती. आपण पहिली दोन घेतली आणि तिसरे विसरलो.

शिवाय प्रशिक्षकाची वाट पुस्तकांतूनच जाते. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हावयाचे तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. शाळेत शिकवायचे तर बी.पी.एड. लागते. १९६१ पासून पतियाळा येथे असलेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची पदविका मिळते. फुटबॉलमध्ये डी, सी, बी, ए असे टप्प्याटप्प्याने मिळणारे प्रशिक्षक परवाने आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. शरीररचना, आहार, मानसशास्त्र यांचा अभ्यास केल्याशिवाय यातले एकही दार उघडत नाही. जो मुलगा केवळ खेळतो तो पंचविशीत थांबतो, आणि जो खेळ शिकतो तो साठीपर्यंत शिकवू शकतो. मात्र पालकांना आम्ही खोटी आशाही दाखविणार नाही. महाविद्यालयांतील या जागा थोड्या आहेत, त्या वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि पुष्कळांना तासिका तत्त्वावर राबावे लागते. त्याविरुद्ध संघटितपणे बोलले पाहिजेच. पण जागा निघेल त्या दिवशी अर्ज करण्याची पात्रता आपल्या मुलामुलींकडे असली पाहिजे. पात्रताच नसेल तर अन्यायाविरुद्ध दाद तरी कशाच्या बळावर मागणार?

या बाबतीत आपल्या नगरला एक थोर परंपरा आहे. मुलींची शाळा काढण्यासाठी जोतीरावांनी आधी सावित्रीबाईंना शिकविले, आणि शिक्षिकेचे प्रशिक्षण सावित्रीबाईंनी याच नगरात मिस फरार यांच्या संस्थेत घेतले. विद्यार्थी घडवावयाचे तर आधी शिकविणारा घडविला पाहिजे, हे फुले दांपत्याने ओळखले होते. मैदानाला हा नियम लागू नाही काय? आणि सावित्रीबाईंचे नाव घेताना हेही सांगितले पाहिजे की आमच्या कपाटातील फुटबॉलच्या छायाचित्रांत मुलींचा संघ एकही नाही. हा दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आपलाच आहे.

म्हणून विद्यालयाच्या या स्मरणवर्षात आम्ही तीन विनंत्या करतो. पहिली विनंती व्यवस्थापनास आणि आम्हां शिक्षकांस: खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला देण्याची सवय सोडावी. हा अपराध आम्हीही अनेकदा केला आहे. दुसरी विनंती विद्यालयास: दरवर्षी वरच्या वर्गातील एक मुलगा आणि एक मुलगी यांना धाकट्यांचे साहाय्यक मार्गदर्शक नेमावे. त्यांनी सरावाची वही ठेवावी. कोण थकते, कोण भिते, कोणाला काय जमत नाही, हे लिहावे. प्रशिक्षकाचे शिक्षण तेथूनच सुरू होते. तिसरी विनंती माजी विद्यार्थ्यांस: आपण दरवर्षी येथे येता, भोजनदान देता, चषक देता, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. यापुढे एका चषकाऐवजी एका विद्यार्थ्याच्या प्रशिक्षक परवान्याचे किंवा बी.पी.एड.चे शुल्क द्यावे. चषक कपाटात राहतो. प्रशिक्षक झालेला विद्यार्थी दर वर्षी नवी मुले घेऊन मैदानावर उतरतो.

गोदामावर काम करणाऱ्या आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही गेल्या महिन्यात पत्र लिहिले. रविवारी सकाळी दोन तास मुलांना शिकवायला ये, आणि परवान्याच्या पहिल्या परीक्षेला बस, शुल्काचे आम्ही पाहतो, एवढेच त्यात लिहिले. तो दोन रविवार आला. तिसऱ्या रविवारी त्याची पाळी बदलल्यामुळे येऊ शकला नाही, पण निरोप पाठविला. मुले त्याची वाट पाहत होती. त्याचे वय आता तीस आहे. उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. पुढील स्मरणिकेसाठी कुणी कपाट उघडील, तेव्हा त्या खुर्चीवर तो किंवा आपल्या वसतिगृहातील एखादी मुलगी बसलेली दिसावी, एवढीच आमची मनीषा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!