सेवा म्हणजे सहल नव्हे



आपल्या हुबळी-धारवाडच्या अनेक मराठी घरांतली मुले-मुली नोकरीनिमित्त अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. त्यांची मुले सुट्टीत आजी-आजोबांकडे येतात तेव्हा तिकडच्या एका प्रथेबद्दल सांगतात. तिथल्या चर्चमधून शाळा-कॉलेजच्या मुलांचा एक गट दहा-पंधरा दिवसांसाठी परदेशातल्या एखाद्या गरीब वस्तीत जातो. तेथे भिंती रंगवतो, लहान मुलांना खेळ व गाणी शिकवतो, कपडे-खेळणी वाटतो, प्रार्थना घेतो आणि परत येतो. याला ते 'मिशन ट्रिप' म्हणतात. मेक्सिको, हैती, केनिया, कंबोडिया येथे असे गट जातात, भारतातही येतात.

हे ऐकून आपल्या काही पालकांनी सूचना केली आहे की, आपल्या शाळेनेही दिवाळीच्या सुट्टीत नववी-दहावीच्या मुलांना एखाद्या अनाथाश्रमात न्यावे, फराळ आणि वह्या वाटाव्यात, आणि त्याचे फोटो या पत्रिकेत छापावेत. सूचनेमागची भावना चांगली आहे, त्याबद्दल शंका नाही. तरीही आमचे मत असे आहे की, शाळेने अशी एक दिवसाची भेट आयोजित करू नये. का करू नये आणि त्याऐवजी काय करावे, हे दोन्ही येथे मांडत आहोत.

परदेशातून येऊन गरीब मुलांसाठी काम करणारी माणसे आपल्या गावाला नवीन नाहीत. स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात १८१५ साली स्थापन झालेल्या बासेल मिशनची पहिली तीन माणसे १८३४ साली मंगळूरला पोहोचली. १८३७ साली त्यांनी धारवाडात ठाणे केले आणि १८३९ साली हुबळीत. त्या काळी धारवाड मुंबई इलाख्यात होते आणि सरकारी कामकाजात मराठीचे वजन मोठे होते. पण गोरगरिबांची मुले घरी कन्नड बोलत होती. म्हणून मिशनची माणसे कन्नड शिकली आणि त्या भाषेत त्यांनी शाळा चालवल्या.

फर्डिनांड किट्टेल यांचेच उदाहरण घ्या. ते १८५३ साली जर्मनीहून आले. त्यांचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश १८९४ साली प्रसिद्ध झाला. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली! सुमारे सत्तर हजार शब्दांचा तो कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो, आणि धारवाडात त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना हे काम सोडावे लागले, तरी त्यांच्या शाळा बंद पडल्या नाहीत, कारण तोपर्यंत इथलेच शिक्षक तयार झाले होते. धारवाडच्या बासेल मिशन हायस्कूलमध्ये पुढे ज्ञानपीठविजेते गिरीश कर्नाड शिकले.

मराठी मुलखातही हेच दिसते. सिंथिया फॅरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आली. पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तिने मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली तेथेच तिचे निधन झाले. जोतीराव फुले यांनी तिची शाळा पाहिली होती आणि त्यातून त्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जी शाळा निघाली तिच्यामागे ही एक गोष्ट आहे. फॅरारबाई पंधरा दिवसांसाठी येऊन खेळणी वाटून गेली असती, तर जोतीरावांना तिथे पाहण्यासारखे काय राहिले असते?

आता एका नाजूक प्रश्नाकडे येऊ. ही मंडळी धर्मप्रसारासाठी आली होती आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. त्यावरून आपल्या समाजात मोठे वादही झाले. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळचा, म्हणजे एका अर्थाने त्या आपल्यासारख्याच कर्नाटकातल्या मराठी. अमेरिकेत जमलेल्या पैशावर त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्याला नेले. तिथे धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे ठरले होते. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, असा आक्षेप १८९३ साली आला, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलींना केडगावला आणले. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात जवळजवळ दोन हजार जीव होते. त्यांना नुसते जेवू घातले नाही, तर छपाई, विणकाम, शेती अशी पोट भरण्याची कामे शिकवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही आपण सांगितल्या पाहिजेत.

आमच्या मते यातला धडा असा, की मदतीला अट लावू नये. भुकेल्या मुलाला 'आमची प्रार्थना म्हण, मग जेव' असे कोणी म्हणू नये, मग तो कोणत्याही धर्माचा असो. पण हा नियम आपल्यालाही लागू आहे. आपण फराळ वाटताना मुलांना रांगेत उभे करतो, मागे शाळेचे बॅनर लावतो, 'थँक यू' म्हणायला लावतो, पाहुण्यांना हार घालायला लावतो. ही सुद्धा अटच झाली. हिंदीत म्हण आहे, 'नेकी कर, दरिया में डाल.' आपण नेकी करतो आणि ती फ्रेम करून ऑफिसात लावतो.

दुसरे असे की, या भेटींनी मुलांचे नुकसानही होते. जगभरात अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे त्यांना तिथे ठेवलेले असते. पाहुणे आणि देणग्या येऊ लागल्या की मुले घरी पाठवण्यापेक्षा ती भरती करण्यात काहींना फायदा दिसू लागतो. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा बालगृहांची संख्या सुमारे तीन-चतुर्थांशाने वाढली, आणि पर्यटक व त्यांच्या देणग्या हे त्याचे एक मोठे कारण होते. त्यानंतर युनिसेफसह अनेक संस्थांनी अशा भेटींविरुद्ध सावध केले आहे. शिवाय रोज नवे दादा-ताई येतात, जीव लावतात आणि निघून जातात. लहान मुलाच्या मनावर याचा परिणाम काय होतो, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

फोटोंबद्दलही एक गोष्ट स्पष्ट करतो. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो वर्तमानपत्रात, मासिकात, वार्तापत्रात छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आपली ही पत्रिका चार पानांची असली तरी वार्तापत्रच आहे.

कोणी म्हणेल, काहीच न करण्यापेक्षा एक दिवस तरी बरा. आपल्या मुलांना गरिबी दिसली पाहिजे. हे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. पण गरिबी पाहण्यासाठी अनाथाश्रमात जावे लागत नाही. आपल्या शाळेच्या मागच्या गल्लीत ती आहे, आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या मुलाच्या दप्तरात आहे. आणि तिथली मुले म्हणजे आपल्या मुलांच्या संस्कारासाठी ठेवलेले प्रदर्शन नव्हे.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. शाळेजवळच्या एका सरकारी कन्नड प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी भेटून विचारायचे, की तुम्हाला काय हवे आहे. त्यांनी होकार दिला तर आपले आठवी-नववीचे फक्त बारा विद्यार्थी शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर दोन तास तिथे जातील, एका शिक्षकांसह, जून ते मार्च, वर्षभर. चौथी-पाचवीच्या मुलांना कन्नड वाचन आणि गणिताचा सराव देतील. फराळासाठी जमणाऱ्या पैशातून त्या शाळेला कन्नड गोष्टींची पुस्तके घेऊ. बॅनर नाही, फोटो नाही, भाषण नाही.

यात आपल्या मुलांनाही शिकायचे आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि बाजारात कामापुरते कन्नड, अशी त्यांची अवस्था आहे. आमची स्वतःची पदवी हिंदी माध्यमातली. या गावात वर्गासमोर उभे राहिलो तेव्हा कळले, की विषय येणे वेगळे आणि समोरच्या मुलाच्या भाषेत तो सांगता येणे वेगळे. किट्टेल जर्मनीहून येऊन कन्नड शिकले. आपली घराणी पिढ्यान् पिढ्या इथे राहतात, इथले पाणी पितात. शेजारच्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलण्यात आपण त्यांच्या मागे का राहावे?

ज्या पालकांना आपल्या पाल्याने यात भाग घ्यावा असे वाटते, त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. एकच विनंती आहे. क्लास, परीक्षा, लग्नकार्य यासाठी मध्येच थांबवायचे असेल तर नाव देऊ नका. तिकडे एक मूल दर शनिवारी दाराकडे पाहत बसलेले असेल.

या विषयावर आपली मते लेखी कळवावीत. विरोधी मतांचेही स्वागत आहे. ती पुढच्या अंकात अवश्य छापू.

आपले नम्र,
मुख्याध्यापक