नजर पोहोचली, पण लक्ष गेले का?

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडच्या हवाई तळावर मिग-21 विमानांना निरोप देण्यात आला. 1963 मध्ये याच शहरात त्यांची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली होती. मूळ मिगच्या वैमानिकासमोर काट्यांच्या गोल तबकड्या असत. तबकडी वेग सांगे, उंची सांगे. पुढे काय करायचे ते वैमानिक ठरवी. आजच्या विमानात वेग कोणी राखायचा, उंची कोणत्या रीतीने सोडायची, यांतले बरेचसे निर्णय संगणक घेतो. कामाची रीत, म्हणजे ‘मोड’, बदलली की पडद्याच्या वरच्या पट्टीत दोन-तीन संक्षिप्त शब्द उमटतात. एअरबससारख्या विमानात नव्या मोडभोवती दहा सेकंद चौकट दिसते आणि मग तीही नाहीशी होते. त्या दहा सेकंदांत वैमानिक धावपट्टीकडे पाहत असेल तर?

या प्रश्नाची किंमत भारताने फार लवकर मोजली आहे. 14 फेब्रुवारी 1990 रोजी मुंबईहून बंगळुरूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-320, उड्डाण 605, धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळले. विमानातील 146 जणांपैकी 92 जण मृत्युमुखी पडले. उतरताना विमान ‘ओपन डिसेंट’ मोडमध्ये होते. या मोडमध्ये इंजिने मंद राहतात आणि विमान उंची सोडून वेग टिकवते. वैमानिक उतरणीचा मार्ग सांभाळण्यासाठी नाक वर धरू लागला की वेग घटत जातो, आणि तो भरून काढायला स्वयंचलित थ्रॉटल पुढे येत नाही. शेजारशेजारच्या दोन बटणांपैकी चुकीचे फिरवले गेले असावे, असा चौकशीतील तर्क होता. त्याहून अस्वस्थ करणारी बाब पुढे आहे. मोड कोणता आहे हे वैमानिकांच्या ध्यानात आले होते. त्यांच्या संभाषणात त्याचा उल्लेख आहे. पण तोवर जमीन काहीशे फुटांवर आली होती. वेग राखणारा मोड परत मिळवण्यासाठी दोघांचेही फ्लाइट डायरेक्टर बंद होणे आवश्यक होते. एक बंद झाला, दुसरा चालूच राहिला.

ही केवळ जुन्या काळातील गोष्ट नव्हे. 6 जुलै 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एशियाना कंपनीचे बोइंग 777 धावपट्टीआधीच्या बंधाऱ्यावर आदळले, तेव्हाही स्वयंचलित थ्रॉटल वेग राखत आहे अशी वैमानिकांची समजूत होती आणि थ्रॉटल मात्र स्वस्थ होते.

यावर उपाय म्हणून नजरेचा माग घेणारे तंत्र पुढे येत आहे. डोळ्यावर अवरक्त प्रकाश सोडायचा, बुबुळावरील त्याचा चकाकता ठिपका आणि बाहुलीचा मध्य कॅमेऱ्याने टिपायचा आणि त्यांच्या परस्पर स्थानावरून दृष्टीची दिशा काढायची. मोड बदलल्यावर ठरावीक सेकंदांत वैमानिकाची नजर त्या पट्टीवर गेली नाही, तर यंत्रणेने आवाज द्यावा, किंवा तो जिथे पाहत आहे तिथेच तो बदल दाखवावा, अशी ही कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे, यात शंका नाही. सर्वांना सर्व वेळ ओरडून सांगणाऱ्या घंटेपेक्षा, ज्याने पाहिले नाही त्यालाच सांगणारी सूचना कधीही शहाणपणाची.

आणि चंडीगडला या कामाशी नाते जोडण्याचा अधिकार आहे. सेक्टर 30 मधील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने ‘तेजस’ विमानासाठी हेड-अप डिस्प्ले विकसित केला. वैमानिकाच्या डोळ्यांसमोरील तिरप्या काचेवर वेग, उंची आणि दिशा उमटते. मान खाली घालावी लागत नाही. नजर जिथे आहे तिथे माहिती नेण्याचे शास्त्र या शहराला अवगत आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रदीप्त बिश्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लष्करी वैमानिकांच्या डोळ्यांच्या हालचालींवरून त्यांच्यावरील बौद्धिक ताण मोजण्याचे प्रयोग केले आहेत, तेही प्रत्यक्ष उड्डाणात. या दोन प्रवाहांचा संगम झाला, तर मोडची सूचना देणारी यंत्रणा देशातच घडवता येईल. अडचणी आहेतच: कॉकपिटमधील प्रखर ऊन अवरक्त कॅमेऱ्याला आंधळे करते, हादरे आणि शिरस्त्राणाची काच मोजमाप बिघडवतात. पण त्या प्रकाशशास्त्राच्या अडचणी आहेत आणि प्रकाशशास्त्र हेच या संस्थेचे बलस्थान आहे.

खरी अडचण निराळी. नजर पडली म्हणजे समजले, असे होत नाही. नादीन सार्टर, रँडल मुमॉ आणि ख्रिस्तोफर विकेन्स यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोइंग 747-400 च्या सिम्युलेटरवर 20 वैमानिकांच्या डोळ्यांची नोंद घेतली. अनेकांनी मोडची पट्टी पाहिलीच नाही. आणि ज्यांनी पाहिली, त्यांच्यापैकीही काहींना तिचा अर्थ उमगला नाही. हेड-अप डिस्प्लेचा अनुभवही हेच सांगतो. 1980 च्या सुमारास नासाच्या सिम्युलेटरवरील प्रयोगात काही अनुभवी वैमानिकांना समोर धावपट्टीवर उभे असलेले विमान दिसलेच नाही, कारण त्यांचे चित्त काचेवरील अंकांत गुंतले होते. दिशा अचूक होती, दृष्टी उघडी होती, आणि विमान अदृश्य होते.

म्हणून ‘नजर पोहोचली’ एवढ्यावर यंत्राने समाधान मानले, तर ते धोक्याचे ठरेल. गप्प राहिलेल्या यंत्रामुळे वैमानिकाला सर्व ठीक असल्याचा खोटा दिलासा मिळेल. अनेक विमान कंपन्यांत बदललेला मोड मोठ्याने उच्चारण्याची शिस्त आहे. तिची जागा कॅमेऱ्याने घेऊ नये. नजर, उच्चार आणि वैमानिकाची पुढील कृती या तिन्हींचा मेळ बसतो का, हे यंत्राने तपासावे. नजर पट्टीवर गेली आणि हात मात्र जुन्याच मोडला शोभेल असे वागत राहिले, तर सूचना तेव्हाच मिळायला हवी. बंगळुरूत काही सेकंद आधी मिळाली असती तर, हा प्रश्न त्या 92 जणांच्या वतीने विचारायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट अभियंत्यांनी नव्हे, विमान वाहतूक महासंचालनालयाने ठरवायची आहे. डोळ्यांची नोंद ही थकवा, गोंधळ, भीती सारे काही उघड करते. कॉकपिटमधील आवाजाच्या नोंदीला आंतरराष्ट्रीय नियमांनी संरक्षण दिले आहे: ती अपघाताच्या चौकशीसाठी असते, सहसा इतर कशासाठी नाही. नजरेच्या नोंदीला तेवढेच, किंबहुना अधिक कडक संरक्षण यंत्र कॉकपिटमध्ये बसण्यापूर्वी मिळायला हवे. नोंद उद्या पगारवाढीच्या बैठकीत मांडली जाणार असेल, तर वैमानिक पट्टीकडे पाहतील, पण ते कॅमेऱ्यासाठी. तोवर सिम्युलेटरमधील प्रशिक्षण ही या तंत्राची योग्य जागा आहे. तिथे चूक झाली तर उड्डाण पुन्हा सुरू करता येते आणि प्रशिक्षक शेजारी बसून विचारू शकतो, ‘तो शब्द बदलला तेव्हा तुम्ही काय पाहत होतात?’