पाटी नव्हे, प्रयोगशाळा पाहा

गतवर्षी जून महिन्यात धुळ्यातील एका स्नेह्याच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. ‘नीट’चा निकाल लागला होता आणि घरावर सुतकी कळा पसरली होती. कन्येला वैद्यकीय प्रवेशापुरते गुण मिळाले नव्हते. गृहस्थ म्हणाले, “भाऊ, आता बी.एस्सी.शिवाय गत्यंतर नाही. हजेरीची सक्ती नसलेलं एखादं कॉलेज सुचवा. नाव तिथे राहील, पोरगी क्लासला जाईल.” इतका वेळ गप्प असलेल्या मुलीने हळूच विचारले, “काका, तिथे मायक्रोस्कोप स्वतःच्या हातानं लावू देतात का?”

अकरावी-बारावीची दोन वर्षे तिने विज्ञान शाखेत काढली होती. प्रात्यक्षिकाची वही पूर्ण होती, स्वाक्षऱ्या जागच्या जागी होत्या. पण सूक्ष्मदर्शकाला तिचा हात लागला नव्हता. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. तरीही वडिलांच्या प्रश्नापेक्षा मुलीचा प्रश्न अधिक शहाणपणाचा आहे, हे समजण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही.

२०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी ‘नीट’ला बसले, देशभरातील एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर. उरलेली लक्षावधी मुले नापास ठरली, असे मानायचे काय? जीवशास्त्राची पदवी म्हणजे हुकलेल्या डॉक्टरकीची भरपाई, ही समजूत आपल्या समाजाने एकदा मनातून काढून टाकली पाहिजे. ती असते तोवर महाविद्यालयाची निवड नीट होणेच शक्य नाही. कारण जिथे मन लावायचे नाही, ते ठिकाण कोण पारखून घेतो?

खान्देशात पर्याय नाहीत, ही तक्रारही खरी नव्हे. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ पासूनची. धुळ्यात घोगरे विज्ञान महाविद्यालय आहे, फैजपूरला धनाजी नाना महाविद्यालय आहे, शिरपूरला आर. सी. पटेल महाविद्यालय आहे. १९९० साली स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी जीवशास्त्राची स्वतंत्र प्रशाळा आहे. पुण्याला जाऊ नये असे नाही. परंतु केवळ नावासाठी खोलीभाडे आणि खानावळ यांवर बापाची वर्षाची कमाई घालण्यापूर्वी घराजवळचे दार ठोठावून पाहायला काय हरकत आहे?

मात्र ते ठोठावताना पाटी वाचून परतू नये. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विभागांत पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे विचारावे. जो शिक्षक पुढच्या वर्षी असेल की नाही याची त्यालाच खात्री नाही, तो विद्यार्थ्याचा तीन वर्षांचा प्रवास कसा सांभाळणार? सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान ही नावे आकर्षक आहेत. पण हे अभ्यासक्रम पुष्कळ ठिकाणी विनाअनुदानित असतात, शुल्क अधिक असते. वाढीव शुल्काच्या मोबदल्यात उपकरणे आणि रसायने मिळतात की नुसते नाव, हे पाहावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे चौथे वर्ष संशोधनासह करता येते. ती सोय तिथे आहे काय? वाळवून जतन केलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे काय, आणि असल्यास त्यावरची शेवटची नोंद कोणत्या साली झाली? या एका प्रश्नाच्या उत्तरातून विभाग जिवंत आहे की नाही ते कळते.

नोंदीला एवढे महत्त्व का? त्याचे उत्तर आपल्याच सातपुड्यात आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाही अभ्यासकाला खात्रीने आढळले नव्हते. १९१४ सालची एक नोंद होती. पण ती रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रजाने संग्रहालयातील चोरलेल्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून केलेली बनावट होती. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ विदुषीने जुने नमुने तपासले, खोटी नोंद बाजूला सारली, खऱ्या नोंदींचा माग काढला. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या रानात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, तो पक्षी पुन्हा शोधून काढला. एकशे तेरा वर्षांनी! त्यांच्या चिकाटीला वंदनच केले पाहिजे. पण आपल्या मनाला हेही टोचले पाहिजे की, तोवर खान्देशात विज्ञानाचे पदवीधर घडवण्यास अर्धशतक लोटले होते, आणि पक्षी मात्र सातासमुद्रापलीकडून आलेल्यांना दिसला.

आज तरी परिस्थिती काय आहे? केळीच्या बागांत कुकुंबर मोझॅक विषाणू शिरला की रावेर-यावलचा शेतकरी उभी रोपे उपटून फेकतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला. सातपुड्यातील भिल्ल, पावरा बांधवांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या वाहतो आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक. विषाणू, कीटक, आनुवंशिकता हे सारे विषय बी.एस्सी.च्या क्रमिक पुस्तकात आहेत आणि वर्गाच्या खिडकीबाहेरही आहेत. ज्या महाविद्यालयाचे विद्यार्थी बांधावर आणि पाड्यावर जाऊन हे पाहतात, ते महाविद्यालय चांगले. ज्याचे विद्यार्थी फक्त गाइड पाठ करतात, ते कितीही मानांकित असो, आपल्या लेकराच्या कामाचे नाही.

ऊतिसंवर्धित केळी रोपांनी जळगावचे नाव देशभर नेले. त्या काचेच्या बाटलीत रोप वाढवणारे हात डॉक्टरांचे नसतात. जीवशास्त्र मनापासून शिकलेल्यांचेच असतात. ज्या भूमीने आपल्याला पोसले, तिचे रोग आणि तिचे वैभव ओळखणे हीदेखील सेवाच आहे, आणि तीत सन्मानाने पोट भरण्याची वाटही आहे.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. प्रवेश अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा. एस.टी.त बसा, मुलामुलीला बरोबर घ्या आणि तीन महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आतून पाहून या. प्रश्न मुलांनाच विचारू द्या. माझ्या स्नेह्यांनी अखेर तसेच केले. एका ठिकाणी कपाटांना कुलूप होते, दुसऱ्या ठिकाणी चावी सापडेना. तिसऱ्या ठिकाणी एका प्राध्यापिकेने मुलीचा प्रश्न ऐकला, खुर्ची पुढे सरकवली आणि काचपट्टी तिच्या हातात दिली. निवड तिथेच झाली.