गुणवत्ता होती, खुर्ची नव्हती

राखीव जागांचा विषय निघाला की मनुवाद्यांना गुणवत्तेचा उमाळा येतो. त्यांनी डॉ. सॉलोमन कार्टर फुलर यांचे चरित्र वाचावे. आजोबा अमेरिकेत गुलाम. पैसे भरून मुक्त झाले, लायबेरियात गेले. तिथे 1872 साली जन्मलेले फुलर 1897 मध्ये बोस्टन विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि 1904 साली म्युनिकला थेट आल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत पोहोचले. माणसाची स्मृती, वागणूक कशी ढासळते, हे त्यांनी मृतांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली शोधले. आल्झायमर यांची पहिली रुग्णनोंद 1912 साली त्यांनीच इंग्रजीत आणली.

बोस्टनचा मज्जाविकार विभाग त्यांनी सुमारे पाच वर्षे चालवला. पगार गोऱ्यांपेक्षा कमी, प्रमुखपद कधीच नाही! 1933 मध्ये एका गोऱ्या सहायक प्राध्यापकाला ती खुर्ची मिळाली. फुलर निवृत्त झाले. तिथे तर राखीव जागाही नव्हत्या. मग गुणवत्ता आडवी का आली नाही?

आपल्याकडे 2013 साली एम्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अतिविशेष शाखांच्या अध्यापकपदांत गुणवत्तेशी तडजोड नको म्हटले. मज्जाविकारशास्त्र ही त्यातलीच शाखा. वकील म्हणून आम्ही विचारतो, निवड समितीत कोण बसते, हे कोणी तपासले?